तुरीवर तोललेला पलंग

जावई रुसला तर समजूत काढता येते, भाचा खूश करायचा म्हटलं की घर उकरावं लागतं. माझा भाचा पुण्यात इंटिरिअर डिझायनिंग शिकला. चारशे चौरस फुटांत स्वयंपाकघर, देवघर आणि सासू कशी बसवायची, हे त्याचं शास्त्र. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, आठ दिवस आला आणि सपरीत उभा राहून म्हणाला, "मामा, तुमची स्पेस फार वाया जाते."

जाते खरी. पाच खणांचं मातीचं घर, पुढे सपरी, मागे आवार आणि बैलजोडी विकल्यापासून रिकामा पडलेला कोठा. बाबा बंगईवर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मंग वाचव ना बापा. पन वाचवलेली जागा ठेवशीन कुठी?"

पहिल्या दिवशी त्याने खुर्च्यांचा विषय काढला. थोनेट नावाच्या कारागिराने १८५९ साली एक खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, थोडे स्क्रू, बस्स. सुट्या केल्या की अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. माय चुलीपासून ओरडली, "छत्तीस? लगन कोनाचं हाये? अन् मंग बिछायतवाला कायले हाये गावात?" खुर्च्या तिथेच संपल्या.

दुसऱ्या दिवशी पलंग आला. म्हणजे मोबाइलवर आला. रात्री भिंतीतून खाली येणारा, दिवसा परत भिंतीत जाणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत मर्फी नावाचा माणूस एका खोलीत राहायचा. त्याला एका मुलीला घरी बोलवायचं होतं, पण पलंग समोर दिसत असलेल्या खोलीत भल्या घरच्या मुलीने येणं तेव्हा शोभत नसे. म्हणून त्याने पलंगच नाहीसा केला, अशी गोष्ट सांगतात. मायने ती पूर्ण ऐकून घेतली.

"म्हंजे त्यानं बाज उभी केली."

भाचा हसला, मला मात्र हसू आलं नाही, कारण मायचं खरं होतं. बाजेइतकं कल्पक फर्निचर मी अजून पाहिलेलं नाही. सकाळी एका हाताने भिंतीला उभी करा, खोली मोकळी. उन्हात टाका, ढेकूण गेले. वर लुगडं अंथरा, कुरोड्या वाळल्या. चार जणांनी उचलली की दवाखान्याची गाडी. सेवाग्राम आमच्यापासून पाऊण तासावर आहे. तिथे बापूंनी तर चटई आणि बसकं मेज एवढ्यावर देशाचा कारभार पाहिला. पण हे भाच्याला सांगायचं कसं? त्याने वाढईबुवाला निरोपही धाडला होता.

वाढईबुवाने मोबाइलमधलं चित्र आडवं-उभं करून पाहिलं. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्या आणायच्या म्हटल्यावर तो उठूनच उभा राहिला. "अयोध्येच्या मंदिराच्या दाराले आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेलं, अन् तुमी मले भुशावर रंधा माराले सांगता?" शेवटी जुन्या माडीचे सागवानी दाराचे पल्ले कोठ्यात पडले होते, ते निघाले. पलंग झाला ऐंशी किलोचा. पलंग उचलून धरायला भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या गॅसच्या नळ्या त्या पल्ल्यांपुढे अगरबत्तीसारख्या दिसू लागल्या.

आता पलंग उचलायचा कोणी? वाढईबुवाने मोटर बसवल्यापासून बेकार पडलेलं विहिरीवरचं चाक तुळईला टांगलं, पलंगाच्या पायथ्याला दोर बांधला आणि दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात तुरीचं पोतं लटकवलं. भाव येईल म्हणून बाबांनी ती तूर धरून ठेवली होती. पलंग एका कडेने बिजागरीवर, म्हणून अर्ध्या वजनाची तूर पुरे, चाळीस किलो. त्यावर बुवाने पंधरा किलो 'हातचे' धरले. त्यामुळे रिकामा पलंग आपोआप वर जायचा. "पाव्हना उठला का पलंगबी उठते," बुवा कौतुकाने म्हणाला. भाच्याने त्याला सांगितलं, की १९८९ साली अमेरिकेच्या कोर्टाने 'मर्फी बेड' या नावावर कोणा एकाचा हक्क नाही असं ठरवलंय. बुवाने लगेच पल्ल्यावर खडूने स्वतःचं नाव घातलं.

पहिल्या रात्री त्यावर झोपायचा मान मामाचा. पारा दिवसभर ४६ वर. सगळं घर अंगणात बाजेवर, आणि मी आत कुलरपुढे एकटा. मध्यरात्री तहान लागली. उशाच्या कोनाड्यात तांब्या होता, म्हणून सरकत सरकत भिंतीला टेकलो. उशाशी बिजागरी, तिथे माझ्या वजनाची किंमत शून्य. कोपऱ्यातलं पोतं शांतपणे खाली उतरू लागलं आणि माझे पाय तुळईकडे निघाले. पुढची दहा मिनिटं मी वहीत ठेवलेल्या पिंपळाच्या पानासारखा होतो. कुलरच्या आवाजात हाक कोणाला ऐकू जाणार? पाणी प्यायला आत आलेल्या मायने दिवा लावला, तूर पाहिली, मला पाहिलं आणि आधी पोत्याची गाठ तपासली.

भाचा पुण्याला गेला. पोतं मात्र मायच्या उंचीवर आलं होतं. ती कधी डाळ भरडायला पायलीभर काढी, कधी बहिणीकडे धाडी. मृगाच्या सुमारास पोत्यात बरोब्बर चाळीस किलो उरले असावेत, कारण पलंग सोडू तिथे हवेत थांबू लागला. ते चार दिवस मी त्या शोधाला मनापासून मानलं. गल्लीतले पोट्टे पाहायला यायचे.

मग पेरणी आली. बियाण्याला पैसे हवेत. बाबांनी पहाटे कोणाला न उठवता दोराची गाठ सोडली आणि पोतं बाजाराच्या गाडीत घातलं. पलंगाला कडी नव्हती. कडीचं काम तूर करत होती ना!

आवाज असा झाला की गल्ली धावत आली. रात्री पाऊस झालेला, मातीचं घर. सगळ्यांना वाटलं भिंत गेली. पलंगाखाली कोणी नव्हतं, एक सूप होतं, त्याचं पापड झालं. शेजारचे काकाजी दारातूनच ओरडले, "कोनी हात लावू नका! आधी पंचनामा होऊ द्या." फोटो काढून झाले, तलाठ्याला फोन लावायला घेतला, तेव्हा कुठे मी उशी उचलून दाखवली की हा पलंग आहे. काकाजींचा चेहरा उतरला. त्यांना नुकसान झाल्याचं वाईट वाटत होतं की न झाल्याचं, कळलं नाही.

त्यानंतर पोत्यात नाल्याची वाळू भरली, पंचावन्न किलो मोजून. ती वाळू विकायची नव्हती आणि तिचं वरणही होत नाही, त्यामुळे पलंग पुन्हा भिंतीला चिकटून उभा राहिला.

दिवाळीला भाचा कॅमेरा घेऊन आला. त्याला पलंगाचे उघडे आणि मिटलेले, दोन्ही फोटो हवे होते. मी त्याला आतल्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. पहिल्या वेच्यापासूनचा सगळा कापूस त्या खोलीत होता, जमिनीपासून तुळईपर्यंत. मागे कुठेतरी पलंग असणार, कारण चाकावरचा दोर तेवढा दिसत होता.

"मामा, हा कापूस कधी निघेल?"

बाबांनी बंगई थांबवली. "भाव आला का काढू."

भाच्याने बॅग सपरीत ठेवली आणि बाज आडवी केली.