भुंगेरा नाही हो, पतंग आहे!

तुमच्या लेखात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका किड्याचा फोटो आहे, त्याखाली ‘नारिंगी भुंगेरा’ असं लिहिलंय. तो ‘अटेव्हा ऑरिया’ नावाचा पतंग आहे. फसायला होतंच म्हणा! बसला की पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळून घेतो, जेमतेम दीड सेंटिमीटरची नळी. नारिंगी रंगावर काळ्या रेघांत बसवलेले फिकट पिवळे ठिपके, पैठणीच्या काठावर शोभतील असे. आमच्या अंगणात गोल्डनरॉड नावाच्या झाडाच्या पिवळ्या फुलांवर भरदुपारी बसलेला असतो, म्हणजे रात्रीचाच पाहुणा असंही नाही.

अमेरिकन कीटकतज्ज्ञ आसा फिच यांनी १८५६ मध्ये याचं वर्णन केलं. पुढे बरीच वर्षं त्याला ‘अटेव्हा पंक्टेला’ म्हणत. २०१० मध्ये डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं) झालं आणि ‘पंक्टेला’ या एका नावाखाली दोन जाती निघाल्या, त्यातली एक ही ऑरिया. हल्ली कुळही वेगळं धरतात, अटेव्हिडी.

मूळचा हा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, अळ्या वाढायच्या सिमारुबाच्या झाडावर (आपला लक्ष्मीतरू!). चीनहून आलेला आयलँथस हा वृक्ष अमेरिकेभर पसरला, तसा हाही त्याच्यामागे उत्तरेला सरकला. आपल्याकडच्या महारुखाची (हाही आयलँथसच) पानं जाळी करून खाणारी अळी याच्याच प्रजातीतली, अटेव्हा फॅब्रिसिएला. फोटोओळ तेवढी बदला.