घाटातली मजा दुसऱ्या गिअरमध्ये असते

कमी पैशात चालवायला मजा देणारी गाडी कोणती, हा वाद सुरू झाला की पहिल्या दोन मिनिटांत हॉर्सपॉवरचे आकडे बाहेर येतात. करूळ, आंबा, आंबोली हे कोकणातले घाट नेहमी चढउतार करणाऱ्याने तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. इथल्या वळणांवर गाडी ताशी २० ते ६० किलोमीटरमध्येच असते. दुसरा गिअर, मधेच तिसरा, पुन्हा दुसरा. तेवढ्या वेगात गाडीचं वजन, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि टायर यांचाच कस लागतो.

मझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर८६ सारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स कार भारतात अधिकृतपणे विकल्याच जात नाहीत. एकेकाळी शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची: दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. ती गेली. आता आपल्यापुरता प्रश्न उरतो हॅचबॅकचा आणि एखाद-दुसऱ्या सेडानचा.

स्विफ्टपासून सुरुवात करतो, कारण ती गावोगावी आहे आणि लोक तिला कमी लेखतात. २०१८ ते २०२४ मधली स्विफ्ट नऊशे किलोच्या आत-बाहेर आहे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. चार सिलिंडरचं १.२ इंजिन वर फिरवलं की खुशीत चालतं. हेअरपिनला ती नाक पटकन वळवते, हे सगळं हलकेपणामुळे. उणिवा दोन. स्टिअरिंग हलकं आहे, पण पुढची चाकं रस्त्यावर काय करतायत ते हाताला कळवत नाही. आणि ओल्या उतारावर वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर एकदम सोडला की हलकी शेपटी बाजूला सरकू पाहते. काम सोपं आहे: ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत मारा, वळणात पाय स्थिर ठेवा.

फोक्सवॅगन पोलोचा स्वभाव उलटा. जड, घट्ट, रस्त्याला धरून चालणारी. तिच्या जीटी टीएसआय या पेट्रोल आवृत्तीत १.२ टर्बो इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता. २०२० पासून १.० टीएसआय आलं, ११० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सोबत सहा गिअरचा मॅन्युअलही. माझं मत विचाराल तर कोकणासाठी जुन्या गाड्यांत हीच मॅन्युअल पोलो घ्यावी. जुन्या जीटीचा डीएसजी सुक्या क्लचचा आहे. घाटात चिऱ्यांच्या ट्रकमागे मुंगीच्या पावलांनी सरकत राहिलं की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. तो घेतलाच असेल तर पुढच्या वाहनापासून दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा, आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा.

स्टिअरिंगचं सुख हवं असेल तर मात्र फियाट पुंतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग, रस्त्याचा पोत, खडी, ओल, सगळं तळहातात येतं. तिचीच अबार्थ आवृत्ती २०१५ मध्ये आली: १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, त्यामुळे गावातल्या पाणंदीत पोट घासतं. आता पार्ट शोधत फिरावं लागतं, म्हणून पुंतो जाणणारा मेकॅनिक जवळ असेल तरच हात घाला.

फोर्ड फिगो पोलो आणि पुंतो यांच्या मधली. फिगो एस आवृत्तीला सस्पेन्शन कडक केलेलं, टायर १९५/५५ आर१५ (१९५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १५ इंची). डिझेल १.५ ला २१५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चढावर गिअर बदलायची फारशी गरजच नाही. मागचा भाग वळणात पुढच्याशी इतका सुरेख जुळवून घेतो की या किमतीत दुसरी जोडी नाही. कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवलं, याचं अजून वाईट वाटतं.

नव्यांमध्ये ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० पीएसच्या. आय२० ला मागेही डिस्क आहेत आणि २०२३ पासून खरा मॅन्युअल मिळतो. त्याआधीच्या आयएमटी गिअरबॉक्सला क्लचचा पेडलच नाही, मग डाव्या पायाची निम्मी मजा गेली. फोक्सवॅगनची सेडान व्हर्टस १.५ जीटी या सगळ्यांत वेगवान, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. पण व्हीलबेस २६५१ मिलिमीटर, स्विफ्टपेक्षा दोनशेने जास्त. महामार्गावर ती राणी आहे. आरे-वारेच्या किंवा जयगडकडच्या रस्त्यावर, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, खाडीकडे उतरणाऱ्या आखूड वळणांत, छोटी गाडी जास्त हसवते.

आता गाडीइतकंच महत्त्वाचं, टायर. कायद्याने ट्रेडची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली १.६ मिलिमीटर चालते; कोकणच्या पावसात ३ च्या खाली गेली की बदला, कारण पाणी बाहेर फेकायला खाच उरत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. हवा सकाळी गार टायरला, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. मोठी रिम लावायचा मोह आवरा. १८५/६५ आर१५ ऐवजी १९५/५५ आर१६ चा व्यास जवळपास तेवढाच राहतो. त्यापलीकडे गेलात की चाक जड होतं, टायरची भिंत आखूड होते, आणि पहिल्याच खड्ड्यात रिम वाकते.

ब्रेकचं तर कोकणात वेगळंच आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरलेलं १५५ ला. आंबोलीच्या उतारावर सारखा पाय ठेवून उतरलात तर पेडल मऊ पडून खाली जातं: ऑइल उकळलं. पेडल कडकच आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्हीवर इलाज एकच, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस पावसाळ्याआधी. समुद्राजवळ रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघतो. पण पावसात भिजलेली गाडी हँडब्रेकवर आठवडाभर ठेवू नका, मागच्या ड्रमचे शू चिकटतात. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

वळण घेताना चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली लाल भुकटी आतल्या कडेला जमलेली असते. पाऊस पडला की ती साबणासारखी. म्हणून आपल्या लेनमध्येच, थोडं बाहेरून आत या, वळणाचं तोंड दिसेपर्यंत थांबा, मग ॲक्सिलरेटर. नाक बाहेर सरकू लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. पाय हळूच सैल करा, चाकं पुन्हा धरतील. आणि चढणाऱ्याला वाट द्या, तो नियमच आहे.

जुनी गाडी घेताना चाचणी सपाट रस्त्यावर करू नका. दुसऱ्या गिअरमध्ये खड्ड्यांच्या चढावर न्या, काच खाली करून ऐका. बारीक टकटक असेल तर बहुधा लिंक रॉड, स्वस्तातलं काम, त्यावर भाव पाडा. ब्रेक मारताना धप्प आवाज आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर लोअर आर्मचे बुश तपासा, बदलल्यावर अलाइनमेंटही करून घ्यावी लागेल. मग गाडी लिफ्टवर चढवा आणि मागचा बीम, सबफ्रेमचे जोड, ब्रेकचे पाइप टॉर्चने बघा. किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीला तिथे पापुद्रे सुटलेला गंज दिसला, तर रंग कितीही चकचकीत असू दे, बयाना देऊ नका.