चोराच्या घरी लग्न असावं बहुतेक

मी कुरियरने साड्या विकते, आणि वाटेत माल चोरीला गेलेलं सहा महिन्यांत हे तिसरं पार्सल! येवल्याहून आणलेली पैठणी, साडेनऊ हजारांची. जाताना वजन ७४० ग्रॅम. खोका फाटलाय म्हणून गिऱ्हाइकाने घेतलंच नाही (बरोबरच केलं बिचारीनं), आणि रिटर्न आलं ३१० ग्रॅम. दोन्ही वजनं कुरियरवाल्यांच्याच काट्यावरची, त्यांच्याच पावतीवर. आत काय, तर कुणाची तरी जुनी लुंगी! माझी टेप छापील, वर चिकटवलेली साधी खाकी. आंधळ्यालाही कळेल.

पण नाही. क्लेम नामंजूर. का? पॅकिंगच्या व्हिडिओत लेबलवरचा नंबर 'स्पष्ट दिसत नाही' म्हणे. वजनाचं विचारलं तर कॉपी-पेस्ट उत्तर. एरवी ५०० ग्रॅमच्या वर वीस ग्रॅम भरलं की जादा आकार कापून मोकळे होतात, तेव्हा तोच काटा सोन्याचा असतो! वर रिटर्नचं भाडंही माझ्याच खिशातून.

प्रत्येक साडीसोबत मी हळदीकुंकवाची पुडी घालते. तीसुद्धा नेली मेल्यांनी.

आत्ताच मेसेज आलाय: 'आपली तक्रार सोडवली आहे. पाचपैकी किती तारे द्याल?'