खुलासा: ते वचन सॉक्रेटिसचं नाही

‘हल्लीची मुलं ऐषारामी, उद्धट, वडीलधाऱ्यांचा मान न ठेवणारी’ हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसचं वचन म्हणून पुन्हा फिरतंय. देवधर्मावरून घरात वाद पेटला की हटकून पुढे केलं जातं. ते त्याचं नाही. सॉक्रेटिसने लिहिलेलं काहीच आज उपलब्ध नाही. हे शब्द केनेथ जॉन फ्रीमन या इंग्रज अभ्यासकाचे, ग्रीक शिक्षणावरच्या १९०७ साली छापलेल्या त्याच्या प्रबंधातले. जुन्या ग्रीकांच्या तक्रारींचा गोषवारा त्याने आपल्या भाषेत दिला होता.

प्रश्न विचारणाऱ्या पोरांना गप्प करायला नेमकं सॉक्रेटिसचंच नाव वापरावं, याचं मला फार वाईट वाटतं. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने त्याच्यावरच खटला भरला होता: हा नगराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो! त्यापायी सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याला विषाचा प्याला प्यावा लागला.