क्राकोआ बुडवलं, आणि म्हणे शेवट गोड

आज ऑफिसात चहा घेताना एक सहकारी एक्स-मेन कॉमिक्समधल्या बेटाबद्दल म्हणाला, "बरं झालं ते क्राकोआ संपलं. एक्स-मेन आता पुन्हा पहिल्यासारखे झाले." मी कप ठेवला आणि उठून आले. पहिल्यासारखे म्हणजे कसे? बेघर?

तिथं बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून इथं लिहितेय. तुम्हाला कळेल.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. एक्स-मेन ही मार्व्हलची कॉमिक्स, जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसांची, म्हणजे म्युटंटांची. ती 1963 पासून निघतायत आणि सगळी वर्षं त्यांच्या वाट्याला एकच काम: जग तुमचा द्वेष करतंय, तरी तुम्ही त्याला वाचवा. 2001 मध्ये जेनोशा बेटावर एक कोटी साठ लाख म्युटंट मारले गेले. 2005 मध्ये वांडा नावाची जादूगार एक वाक्य बोलली आणि जवळजवळ सगळ्यांच्या शक्ती गेल्या. मग 2019 च्या जुलैत लेखक जोनाथन हिकमनने 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' आणलं आणि या लोकांना पहिल्यांदा मनासारखं घर दिलं. क्राकोआ, एक जिवंत बेट. 1975 मध्ये हेच बेट एक्स-मेनना खायला उठलं होतं! आता त्याच्या फुलांतून दारं उगवायची, जगात कुठूनही पाऊल टाका, घरी पोचा. स्वतःची भाषा, स्वतःची लिपी, स्वतःचे कायदे. आणि मरणही उरलं नाही. पाच म्युटंट एकत्र येऊन मेलेल्यांना परत आणायचे.

मी हे लॉकडाउनमध्ये वाचलं. आजी तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, आता शिवसागराच्या पाण्याखाली. पुनर्वसनात घरच्यांना सोलापूरकडं जमीन मिळाली. आजी त्या गावाबद्दल फार बोलायची नाही. एकदा शेजारी येऊन बसली, चित्रं बघितली आणि म्हणाली, सांग काय चाललंय. मी सांगितलं. मेलेली माणसं परत येतात हे ऐकून जराही चकित झाली नाही. एवढंच विचारलं, "माणसं आणत्यात व्हय? मग गाव बी आणत असतील की."

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसापासून क्राकोआ माझ्यासाठी निव्वळ कॉमिक्स राहिलं नाही.

आता शेवट कसा केला बघा. 2023 च्या हेलफायर गालामध्ये, म्हणजे क्राकोआच्या वार्षिक मेजवानीत, ऑर्किस या म्युटंटद्वेष्ट्या संघटनेचे लोक घुसतात. साधी माणसं मारू अशी धमकी देऊन एक्स-मेनचा संस्थापक, दुसऱ्यांच्या मनाशी बोलू शकणारा प्रोफेसर झेवियर, याला भाग पाडतात, आणि तो मनातून सगळ्या म्युटंटना हुकूम सोडतो: दारांतून निघून जा. लोक निघतात. मुलंबाळं घेऊन, मागे न बघता. ते पान वाचताना मला आजीच्या गावाला आलेली नोटीस दिसत होती. निघा. का, कुठे, विचारायचं नाही.

इथपर्यंत माझी तक्रारच नाही. घर हिसकावलं जाणं ही गोष्ट सांगायलाच हवी. राग आहे तो पुढचा. 2024 च्या जूनमध्ये 'एक्स-मेन'चा 35 वा अंक आला, मूळ मालिकेच्या गणतीत 700 वा. ऑर्किस हरलंय. बेट परत आलंय, माणसं परत आलीत. सगळं जुळून आलेलं असताना बेट पुन्हा निघून जातं, कायमचं, दुसऱ्या मितीत. ज्यांना तिथं राहायचंय ते तिकडे, आपले ओळखीचे सगळे नायक इकडे. का? कारण पुढच्याच महिन्यात नव्या लेखकांची नवी मालिका सुरू व्हायची होती आणि तिच्यात एक्स-मेन पुन्हा विखुरलेले, पुन्हा नकोसे हवे होते. कथेची ही गरज नव्हती, वेळापत्रकाची होती. आणि आपल्याला सांगतात, बघा, बेट सुखरूप आहे की. सुखरूप आहे, पण तुमचं नाही! धरणाचं पाणीही सुखरूपच असतं.

हो, मान्य, 2022 च्या सुरुवातीला 'इन्फर्नो' ही मालिका संपवून हिकमन गेला आणि नंतरचे बरेच अंक नुसते ओढले. मान्य, क्राकोआ काही रामराज्य नव्हतं. बंद खोलीत बसून मूठभर लोक निर्णय घ्यायचे, सेबरटूथ या खुनशी म्युटंटला खटल्याच्या नावाखाली खड्ड्यात गाडलं होतं. मग ते सुधारायची गोष्ट लिहा ना! कुठला देश पहिल्या पाच वर्षांत धड असतो?

लिहिता लिहिता 'हाउस ऑफ एक्स'चा पाचवा अंक पुन्हा काढला. परत आलेल्यांना स्टॉर्म ही म्युटंट नायिका एकेक करून लोकांसमोर उभं करते, ओळखते, आणि खाली जमलेली गर्दी त्यांना आपलं म्हणून हाक देते. काही अंगावर कपडेही नसलेले, नुकते जन्मलेले. चित्रकार पेपे लाराझने काय काढलंय ते! राग थोडा निवळला. साठ वर्षं ज्यांना लपायला शिकवलं, ते उघड्या आभाळाखाली आपल्या नावाने उभे आहेत. हे कोणी पुसू शकत नाही, छापून झालंय.

पण नवीन मालिकेत झेवियरचा तो जुना बंगला, जिथं पोरं शिकायला यायची, तो म्युटंटांचा तुरुंग केलाय, आणि स्वतः झेवियर त्यात कैदी. हे "पहिल्यासारखं" आहे? हे म्हणणाऱ्याने एकदा आजीसमोर बसून म्हणावं, की तुम्हाला सोलापुरात जमीन मिळाली ना, मग झालं तर सगळं पहिल्यासारखं.

मेलेली माणसं कॉमिक्समध्ये परत येतातच. वुल्वरिन आला, जीन आली, सायक्लॉप्स आला. प्रकाशकाला माणसं परत आणायला काही लागत नाही, त्यांच्या नावावर अंक खपतात. गाव मात्र कोणी परत आणत नाही. आजीने नेमकं तेच विचारलं होतं.

ज्यांना वाचायचंय त्यांनी थेट 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स'पासून सुरुवात करा, दोन्हींचे अंक मिसळून, ज्या क्रमाने निघाले तसे. माझ्याकडे दोन्ही एकत्र बांधलेला खंड आहे. मागा, देते.