"पैसे घेऊन आईकडून मेथी निवडून घेतली" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय मी चार वेळा वाचला. गेल्या शनिवारी आमच्या सभेत तो मोठ्याने वाचूनही दाखवला, कारण तक्रार घराबद्दल आहे आणि ज्येष्ठांच्या सहनिवासाचं हे घर माझ्या एकटीचं नाही. उत्तराला उशीर झाला तो तुमच्या आईंशी आधी बोलायचं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, "मेथीचं लिहा, फोनचं लिहा, तब्येतीचं काही लिहू नका." तेवढंच लिहिते.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. आई रात्री बाथरूममध्ये पडल्या आणि कॅलिफोर्नियात असलेल्या मुलाला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. रात्री डॉक्टर नव्हते. महिन्याला 26,000 रुपये घेऊन आम्ही आईंकडून भाजी निवडून घेतली. आईंनी घर सोडल्यावर पाच लाखांची अनामत परत करायला चार महिने लावले. आणि न्यासांचे वृद्धाश्रम यापेक्षा स्वस्त पडतात.

पडण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक आमची आहे. प्रत्येक बाथरूममध्ये कमोडशेजारी एक लाल दोरी आहे. ती ओढली की रात्रपाळीच्या मावशींच्या खोलीत घंटा वाजते. ही दोरी जमिनीपासून चार बोटांवर यायला हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. त्या रात्री ती खाली नव्हती. फरशी पुसताना भिजते म्हणून साफसफाईच्या ताईंनी तिला गाठ मारून टॉवेलच्या दांडीवर टाकलं होतं. ताईंना मी दोष देत नाही. दोरी कशासाठी आहे, हे त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या आईंनी तांब्या बादलीवर आपटून शेजारच्या खोलीतल्या काकूंना जागं केलं. मधे किती वेळ गेला ते नक्की सांगता येत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी चौदाही बाथरूममध्ये जाऊन जमिनीवर बसले आणि हात लांब करून पाहिला. आणखी तीन दोऱ्या गुंडाळलेल्या निघाल्या. आता सगळीकडे पुसून घेता येते अशी प्लास्टिकची साखळी लावली आहे. राहणाऱ्यांपैकीच एक जण पाळीने रोज सकाळी ती ओढून बघतो आणि वहीत खूण करतो. हे आधीच करायला हवं होतं. तुमची मी मनापासून माफी मागते.

फोनचं मात्र वेगळं आहे. ती वेळ पहाटे पावणेतीनची, तुमच्याकडे आदल्या दिवशीची दुपार. मावशींनी मला उठवलं, मी पाच मिनिटांत खोलीत होते. फोन हातात घेतला तेव्हा तुमच्या आईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आज नको. तो तिथे एकटा आहे, रात्रभर झोपणार नाही. उद्या मीच सांगेन." त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, नीट बोलत होत्या. आमचा करार त्यांच्याशी आहे, सही त्यांची आहे. इथे येणाऱ्या माणसाचं वय साठच्या पुढे असतं म्हणून त्याच्या वतीने मुलांनी ठरवायचं, असं आम्ही मानत नाही. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा त्यांचंच ऐकेन. पण तुम्हाला हे अचानक कळावं हे बरोबर नव्हतं. म्हणून आता प्रवेशाच्या वेळी मुलांना समोर बसवून विचारतो की रात्री काही झालं तर कोणाला आणि कधी कळवायचं. उत्तर राहणारी व्यक्ती देते, मुलांनी ते तिच्या तोंडून ऐकलेलं असतं.

डॉक्टरांबद्दल. 2019 साली छापलेल्या आमच्या माहितीपत्रकात "24 तास वैद्यकीय मदत" असे शब्द होते. आमच्या मनात त्याचा अर्थ होता चालकासह उभी गाडी, 108 ची रुग्णवाहिका आणि फोनवर मिळणारे वाईतले डॉक्टर. वाचणाऱ्याच्या मनात रात्रभर हजर असलेला डॉक्टर येतो, आणि तसं वाटलं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. ते शब्द काढले आहेत. आमचा सहनिवास हे शुश्रूषा केंद्र नाही. डॉक्टर मंगळवारी येतात, मोठं काही झालं तर साताऱ्याला न्यावं लागतं, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. ज्यांना रात्री परिचारिका लागते त्यांना मी आता पहिल्याच भेटीत सांगते की इथे येऊ नका.

आता मेथी.

सकाळी दहाला ओसरीवर सतरंजी पडते. ज्यांना मांडी घालता येत नाही ते खुर्च्यांवर बसतात, मधे वर्तमानपत्र आणि त्यावर जुड्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात तीन बायका कामाला आहेत. त्या ही मेथी वीस मिनिटांत संपवतील. राहणाऱ्या मंडळींना सव्वा तास लागतो, काड्या राहतात, आणि भाजी टाकायला उशीर झाला म्हणून स्वयंपाकघर रोज कुरकुरतं. यात आमचा एक रुपया वाचत नाही. तरी मी ते थांबवणार नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये एकटी राहिलेली माणसं आमच्याकडे येतात. तिथे डबा दारात येतो, बाई लादी पुसून जाते, मुलं पैसे वेळेवर पाठवतात, आणि दिवसभरात "हे तुम्ही करा, तुम्हाला जमतं" असं त्यांना कोणी म्हणत नाही. 2018 मध्ये आम्ही पाच जणांनी हे घर सुरू केलं ते यासाठीच. आमच्या कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन होती, बाकीच्यांचे निवृत्तीचे पैसे. चहा कोण करणार यावरून पहिल्या महिन्यात भांडणं झाली, त्यातून पाळ्यांचा फळा आला. फळ्यावर नाव लिहायची सक्ती नाही. दोघं जण कधीच लिहीत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही.

तुमच्या आई पहिले तीन आठवडे ओसरीवर नुसत्या येऊन बसायच्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी भांडारघराची वही मागून घेतली. महिनाअखेरीला मला बोलावलं आणि वाण्याच्या बिलावर बोट ठेवलं: तूरडाळ दोनदा लावलेली, दहा-दहा किलो. सहा महिने ती वही त्यांच्याकडे होती. तुम्ही व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मांडीत मेथी पाहिलीत आणि तुम्हाला वाईट वाटलं, हे मी समजू शकते. लेकाला वाटणारच. हे घर कसं चालतं ते प्रवेशाआधी तुम्हाला नीट समजावून सांगणं माझं काम होतं, ते मी फोनवर दहा मिनिटांत उरकलं.

अनामतीच्या बाबतीत सबब नाही. करारात 45 दिवस लिहिले आहेत. पैसे उशिरा गेले कारण आम्ही ते लिफ्टच्या कामात वापरले होते आणि नवीन माणूस येईपर्यंत हातात नव्हते. लिफ्ट सगळ्यांच्या सोयीची आहे, पण दुसऱ्याची ठेव त्यासाठी वापरायला नको होती. यंदाच्या एप्रिलपासून सगळ्या अनामती वेगळ्या खात्यात आहेत आणि खात्याचा उतारा दर महिन्याला सूचनाफलकावर लागतो. उशिराच्या दिवसांचं व्याज तुमच्या आईंच्या खात्यात जमा केलं आहे.

न्यासांचे वृद्धाश्रम स्वस्त असतात हे खरं आहे. त्यांना देणग्या मिळतात. शिवाय आयकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला, साठीच्या पुढच्या माणसांकडून राहणं-जेवण धरून महिना 25,000 पर्यंत घेतले तर जीएसटी लागत नाही. आम्ही न्यास नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच सांगते. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत दरवाजा किमान 900 मिलिमीटर रुंद हवा असं आहे. आम्ही सदनिका विकत नाही, त्यामुळे ती आम्हाला लागू नाहीत, पण मोजमाप म्हणून आम्ही तीच धरली. जुन्या बाजूच्या तीन खोल्यांचे दरवाजे अजून अरुंद आहेत, भिंती भार पेलणाऱ्या असल्याने काम अडलं आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना त्या खोल्या आम्ही देत नाही.

तुम्ही डिसेंबरात येणार असं आई म्हणाल्या. त्यांना घेऊन एक दिवस या, शनिवारी आलात तर पाच वाजता सभा असते. त्यांच्या खोलीत सध्या दुसऱ्या बाई राहतात. त्यांना विचारून आत जाऊ, आणि ती साखळी तुम्ही स्वतः जमिनीवर बसून ओढून बघा.