‘सकाळी अकराच्या आत नेट संपतं, दुकानदाराने चुकीचा पॅक मारला’: आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या रिचार्जच्या दुकानाला एक स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्यात. २९९चा रोज दीड जीबीवाला पॅक मारूनही सकाळी अकराच्या आत नेट संपतं. त्यापायी आठवड्यात १९ रुपयांचे तीन ॲड-ऑन (जादा नेटचे छोटे पॅक) घ्यावे लागले. आणि ‘महिन्याचा’ म्हणून दिलेला पॅक २८ दिवसांचा निघाला. यातल्या दोन बाबतींत आमचं चुकलंय, पॅक मात्र चुकीचा मारलेला नाही.

तुम्ही जोडलेल्या पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये कंपनीचा मेसेज आहे: रोज १.५ जीबी, २८ दिवस. म्हणजे पॅक बरोबर लागलाय. दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये फोनचा ‘आज’चा वापर दिसतो आणि खरी गोम तिथे आहे. गूगल फोटोज १.१ जीबी, व्हॉट्सॲप २९० एमबी, बाकी किरकोळ. तुम्ही लिहिलंत, ‘मी फक्त व्हॉट्सॲप वापरते.’ खरंच असेल, पण फोटोंचा बॅकअप (गूगलच्या खात्यात आपोआप चढणारी प्रत) तुम्ही काही न करताही चालू असतो. आणि नेट फक्त खाली उतरवतानाच मोजतात असं नाही, वर चढवलेला प्रत्येक एमबीसुद्धा त्याच दीड जीबीतून जातो. चांगल्या क्वालिटीत काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ फोनप्रमाणे ६० ते १३० एमबी भरतो. घरच्या कार्यक्रमाचे दहा-पंधरा व्हिडिओ असले की दिवसाच्या कोट्याचा मोठा भाग गेलाच.

सकाळीच का संपतं, तेही सांगतो. कोटा रात्री १२ला नवा सुरू होतो. आदल्या दिवशी नेट संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी; एक एमबी जायला दोन मिनिटांच्या वर. त्या स्पीडला बॅकअप अडकून पडतो. बारा वाजता स्पीड परत आला आणि फोन चार्जिंगला असला की तो तुंबलेला बॅकअप सुसाट सुटतो. तुम्ही झोपेत, फोन कामाला. घरी वायफाय नसल्यामुळे सगळं मोबाइल डेटावरच. आता वाईट बातमी: तुमचे ॲड-ऑनही याच तुंबलेल्या बॅकअपच्या पोटात गेले असणार. नेट मिळालं की बॅकअप आधी हात मारतो.

हे बंद करायला गूगल फोटोज उघडा, वर उजवीकडच्या तुमच्या गोल चित्रावर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये बॅकअप आणि त्यात मोबाइल डेटाचा वापर बघा. तिथे रोजची मर्यादा ‘अनलिमिटेड’ असेल तर ती ‘नो डेटा’ करा. मग बॅकअप फक्त वायफायवर होईल. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड, आणि ‘मोबाइल डेटा वापरताना’ यातल्या चारही टिका काढा. ग्रुपवरचे सुप्रभात व्हिडिओ मग तुम्ही दाबल्याशिवाय उतरणार नाहीत. व्हॉइस मेसेज तरीही आपोआप उतरतात, पण ते अगदी लहान असतात. प्ले स्टोअरमध्येही ॲप अपडेट ‘फक्त वायफाय’वर ठेवा. लोकलमध्ये रील्स बघत असाल तर एवढं लक्षात असू द्या: तुम्ही एक बघत असता तेव्हा पुढच्या रील्स आधीच उतरायला लागलेल्या असतात. न बघता सरकवलेल्या रीलचंही नेट जातं.

आता पैशांचं. २९९ भागिले ४२ जीबी (रोज दीड जीबी, २८ दिवस), म्हणजे जीबीला सात रुपये बारा पैसे. ॲड-ऑनचा एक जीबी १९ रुपयांना, अडीच पटीहून महाग. आठवड्याला तीन धरले तर २८ दिवसांत १२ ॲड-ऑन, २२८ रुपये. एकूण खर्च ५२७. सेटिंग बदलूनही दीड जीबी पुरलं नाही तर पुढच्या वेळी सरळ रोज २ जीबीचा पॅक घ्या, ॲड-ऑनच्या नादाला लागू नका. काही कंपन्या २ जीबीच्या पॅकवर अमर्याद ५जी देतात, पण त्यासाठी फोन ५जी हवा. आणि ठाण्याहून सीएसएमटीला जाताना फोन मध्येच ४जीवर उतरला की तेवढा वापर रोजच्या कोट्यातूनच जातो.

आता आमची चूक. तिसरा ॲड-ऑन तुम्ही रात्री सव्वानऊला मारून घेतलात. तो त्याच रात्री १२ला संपतो, हे काउंटरवरच्या मुलाने सांगायला हवं होतं आणि ‘उद्या सकाळपर्यंत थांबा’ असंही म्हणायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. यशस्वी झालेला रिचार्ज दुकानातून मागे घेता येत नाही, त्यामुळे ते १९ रुपये पुढच्या रिचार्जमध्ये आमच्या खिशातून वळते करू.

दुसरी चूक पाटीची. २८ दिवसांच्या पॅकला आम्ही ‘मासिक’ लिहिलं होतं. या हिशेबाने वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. ती पाटी काल काढली. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२२च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला एक तरी ३० दिवसांचा आणि एक तरी दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवावाच लागतो. हवा असेल तर तो मागा, काढून देऊ. फक्त त्यात रोज किती नेट आहे ते आधी बघून घ्या, कारण काहींमध्ये रोजचा कोटा नसून पूर्ण मुदतीला मिळून ठरावीक जीबी असतात.

सेटिंग जमलं नाही तर दुपारी दोन ते चार या वेळात फोन घेऊन या, तेव्हा काउंटर मोकळा असतो. पैसे लागणार नाहीत. येताना जीमेलचा पासवर्ड माहीत असू द्या, खात्यात पुन्हा साइन-इन करावं लागलं तर तो लागतो. तो तुम्हीच टाका, आमच्या मुलाला सांगू नका.

दुकानमालक, नौपाडा, ठाणे